पाठ असलेला नंबर

जानेवारीतल्या त्या शनिवारी मी सकाळच्या गाडीने जळगावहून धुळ्याला आले, तेव्हा आबा ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या वाळत घालत होते. नुसत्या नाड्या. बूट आत, वर्तमानपत्र कोंबून ठेवलेले.

"नाड्या कोण धुतं, आबा?"

"उद्या व्हिडिओ काढशील ना तू. मग?"

आबांनी, म्हणजे लोटन पाटलांनी, एकतीस वर्षं एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि वर्षभरात ते पळायला लागले. "एकतीस वर्षं बसून गाडी पळवली, आता गाडी बसली नि मी पळतो," हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवत. त्यावर आई दर वेळी आतून म्हणे, "आणि पिठाचा डबा आणायचा म्हटलं की गुडघा दुखतो."

दुपारी आम्ही देवपुरातल्या एका मंगल कार्यालयात उद्याच्या दौडीचा बिब आणायला गेलो. पिशवीत टी-शर्ट, नाश्त्याचं कूपन, चार सेफ्टी पिना आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचा कागदी नंबर, अकराशे सत्तेचाळीस. त्याच्या मागच्या बाजूला छापलं होतं: नाव, रक्तगट, तातडीच्या वेळी संपर्क. टेबलाला दोरीने बांधलेल्या पेनाने आबांनी सावकाश, एसटीच्या नोंदवहीत लिहावं तसं, सगळं भरलं.

"आबा, हा तर तुमचाच नंबर आहे."

"मग?"

"तुम्हाला काही झालं तर तुमच्याच फोनवर फोन करतील का?"

थट्टा करायची असली की आबा अहिराणीवर येत. "फोन उद्या तुनाजोडेच राही ना? आणि माले एकच नंबर पाठ शे."

फोन माझ्याजवळच राहणार होता, हे खरं होतं. त्यांना शेवटची रेघ ओलांडतानाचा व्हिडिओ स्वतःच्या फोनवर हवा होता, लगेच ग्रुपवर टाकायला.

संध्याकाळी खिचडी खाल्ली. त्यांनी पायाची नखं कापली. मी पुस्तक घेऊन बसले होते.

"त्यात कोणी पळतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग झोप."

एवढंच. त्या दिवसाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. काही घडलं नव्हतं.

दहा किलोमीटरची दौड साडेसहाला सुटली. देवपुरातून गोंदूर रस्त्याने नकाण्याच्या तलावाकडे आणि परत. थंडी इतकी होती की सुटण्याआधी सगळे जागच्या जागी उड्या मारत होते आणि मंचावरची मुलगी त्यालाच झुंबा म्हणत होती. आबांनी फोन माझ्या हातात दिला. "पंच्याहत्तर मिनिटं. पावणेआठला तयार राहा."

मी साडेसातलाच शेवटच्या रेघेजवळ कठड्याला टेकून उभी राहिले. ते लवकर आले तर चुकायला नको, म्हणून सात पस्तीसला रेकॉर्डिंग सुरू केलं. येणाऱ्यांचे चेहरे एकसारखेच दिसत, तोंड उघडं आणि डोळे घड्याळावर. रेघ ओलांडली की मात्र प्रत्येकाचा चेहरा परत आपापला होई.

फोन वाजला. अनोळखी नंबर. स्क्रीन भरून तो नंबर आला आणि रेकॉर्डिंग थांबलं. मी कापला, पुन्हा सुरू केलं. दोन मिनिटांनी परत तोच नंबर. परत कापला. रविवारी सकाळी कोणीतरी काहीतरी विकत असणार, असं मला वाटलं असं मी पुढे स्वतःला सांगत आले. खरं तर काहीच वाटलं नाही. मला व्हिडिओ हवा होता. तिसऱ्यांदा येऊ नये म्हणून मी वरून पट्टी ओढली आणि विमानाचं चिन्ह दाबलं.

वेळ दाखवायला पाठीवर पंच्याहत्तर मिनिटांचा फुगा बांधून पळणारा माणूस आला. त्याच्या मागे घोळका. त्यात आबा नव्हते.

"मागे एक काका बसलेत," कोणीतरी धापा टाकत दुसऱ्याला म्हणालं. "आठव्याला. पाण्याच्या पॉइंटवर."

"गोळा आला असेल."

"नाही रे. घामानं भिजलेत. या थंडीत."

हे संभाषण व्हिडिओत आहे. माझा हात हललेला नाही, तेही व्हिडिओत दिसतं. पळणाऱ्यांत साठीपुढचे तीस-चाळीस जण होते आणि प्रत्येकाला कोणी ना कोणी काका म्हणत होतं. तोच फोन धरून मी आणखी सोळा मिनिटं उभी होते.

आठ वाजून गेल्यावर मंचावरचं गाणं मध्येच बंद झालं. बिब क्रमांक अकराशे सत्तेचाळीस यांच्या नातेवाइकांनी जिथे असतील तिथून मंचाजवळ यावं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा आबांना जाऊन दहा मिनिटं झाली होती. बुटांच्या नाड्या पांढऱ्याशुभ्र होत्या.

माझा धाकटा भाऊ नीलेश नाशिकहून अकरापर्यंत आला. "अक्का, आबांचा फोन दे. बठ्ठ्या नातेवाइकांना कळवायला लागेल." मी पर्समध्ये हात घातला, मग म्हणाले, थांब, आईला पाणी देऊन येते. दवाखान्याच्या जिन्यावर उभं राहून मी विमानाचं चिन्ह काढलं. कापलेल्या दोन फोनांच्या दोन ओळी होत्या. अंगठ्याने पुसल्या. मग फोन नेऊन त्याला दिला.

पंधरवड्याने नीलेशने दौडीच्या समितीकडे तक्रार केली. माणूस रस्त्याच्या कडेला अर्धा तास पडून होता, मुलगी दोन किलोमीटरवर उभी होती आणि घरच्यांना एक फोन केला नाही. बैठक त्याच मंगल कार्यालयात झाली. समितीच्या प्रमुख कामिनीताई, नीलेश, मी आणि आठव्या किलोमीटरच्या पॉइंटवरची परिचारिका, ममता पावरा. शिरपूरकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. धुळ्यात एका खासगी दवाखान्यात नोकरी, आणि दौडीला दर वर्षी स्वतःहून येणारी. तीस-बत्तीसची असेल. तिने वहीच्या कागदावर लिहून आणलं होतं, पण वाचलं नाही, तोंडी सांगितलं.

"काका शुद्धीत होते. त्यांनी स्वतः बिब उलटा करून दाखवला. म्हणाले, हा नंबर लावा, फोन मुलीजवळ आहे, तिला दोन शब्द सांगू द्या. मी लावला. दोनदा वाजला आणि कट झाला. तिसऱ्यांदा बंद लागला. मग अॅम्ब्युलन्स आली."

"आबांचा फोन कधीच बंद नसतो," नीलेश म्हणाला. "आणि त्यावर एकही कॉल नाही. मी स्वतः पाहिला."

"मी कशाला खोटं बोलू, दादा?"

"लावला असेल दुसराच नंबर. नाहीतर लावलाच नसेल. आता त्यांच्या तोंडी काहीही घालता येतं."

कामिनीताईंनी पॉइंटवरच्या फोनची चौकशी केली. समितीने प्रत्येक पॉइंटला एकेक साधा बटणांचा फोन दिला होता. दौड संपल्यावर ते सगळे भाड्याने आणले तिथे परत गेले होते, सिमकार्ड मोडून.

मग ममताने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लावलेला फोन कोणी कापला, हे खोलीत मला आणि तिलाच माहीत होतं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

समितीने ममताला वैद्यकीय पथकातून काढलं. बातमी तिच्या दवाखान्यातही पोचली, असं ऐकलं. शिवाय पुढच्या वर्षासाठी एक नियम झाला: बिब देतानाच मागचा नंबर तपासायचा, स्वतःचा असेल तर बदलून घ्यायचा आणि तिथल्या तिथे फोन लावून बघायचा. आबांनी चूक केली असं सगळे धरून चालले होते. चूक त्यांनी केली नव्हती. त्यांचा नंबर बरोबर होता.

आबांचा फोन मी जळगावला घेऊन आले. दर महिन्याला त्यात पैसे भरत राहिले. का, ते आईने विचारलं नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दिवसभर नोंदी बघते, कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं, कधी परत आलं. एक नोंद पुसली तर काय काय खोटं ठरतं, हे मला वेगळं शिकायची गरज नव्हती. तरी वर्षभर मी गप्प बसले. पहाटे मेहरूण तलावाभोवती पळायला लागले. आधी एक फेरी, मग दोन. आठव्या किलोमीटरला काय होतं ते मला कळून घ्यायचं होतं. आठव्या किलोमीटरला काही होत नाही. फक्त परत फिरता येत नाही, इतकं मागे राहिलेलं असतं.

या वर्षी मी दहा किलोमीटरला नाव घातलं. समितीने आबांच्या आठवणीत झेंडा दाखवायला नीलेशला बोलावलं. शनिवारी दुपारी आम्ही दोघं त्याच कार्यालयात गेलो. नीलेश कामिनीताईंशी बोलत दाराजवळ थांबला. मी रांगेत.

माझ्या पुढे एक गृहस्थ होते. "बायकोचा नंबर लिहू का?" ते टेबलापलीकडच्या बाईला विचारत होते. "ती म्हणेल, पडला असेल तर तिकडेच ठेवा."

"तरी लिहा, काका. तिच्या तोंडून ऐकून घेऊ," ती बाई म्हणाली.

आवाज ओळखीचा वाटला. पुढचे गृहस्थ बाजूला झाले आणि मला ममता दिसली.

तिच्यासमोर बटणांचा फोन आणि एक वही होती. ती प्रत्येक बिब उलटा करी, नंबर लावी आणि समोरून कोणी उचलेपर्यंत पुढच्याकडे बघत नसे. उचलला की एकच वाक्य: "उद्या सहा ते नऊ फोन चालू ठेवा. अनोळखी नंबर आला तरी उचला." मग वहीत खूण.

मला बिब मिळाला. दोरीच्या पेनाने मी नाव लिहिलं, रक्तगट लिहिला. तिसऱ्या रकान्यापाशी हात थांबला नाही. पंधरा वर्षं जो नंबर बोटांना माहीत होता तोच उतरला. नीलेशचा, आईचा, कोणाचाच मला पाठ नव्हता. लिहून झाल्यावर मी वाचला. खोडता आला असता. रांगेतलं माणूस मागून म्हणालं, "ताई, सरका की पुढे."

मी बिब तिच्यासमोर ठेवला.

तिने वर पाहिलं, मला ओळखलं आणि परत खाली पाहिलं.

"ही इथं कशी?" मागून नीलेशचा आवाज. तो झपाझप जवळ आला होता. "कामिनीताई, तुम्ही मला बोलावता, आबांचं नाव घेता, आणि त्याच कामावर हिला बसवता? फोन लावायच्या?"

"नीलेशभाऊ, माणसं कमी पडली म्हणून. वैद्यकीय पथकात नाही ती."

"एक फोन लावला नाही तिने. तेवढंच काम होतं."

हॉलमधल्या खुर्च्या ओढण्याचा आवाज थांबला. कामिनीताईंनी ममताच्या खांद्याजवळ वाकून हळू म्हटलं, "ममता, तू आजच्यापुरती ऊठ. नको वाढवायला."

"एवढा एक लावते," ममता म्हणाली, "मग उठते."

तिने बिब उलटा केला. पहिले सहा आकडे बघून दाबले. शेवटचे चार न बघता.

माझ्या पर्समध्ये आबांचा फोन वाजायला लागला. जुन्या टेलिफोनसारखी ती घंटी. गाडीचं इंजिन चालू असतानाही ऐकू यावी म्हणून त्यांनी पूर्ण मोठी ठेवलेली.

नीलेशने माझ्या पर्सकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "अक्का, हा आबांचा..."

मी फोन बाहेर काढला. स्क्रीनवर अनोळखी नंबर होता. टेबलापलीकडे, दोन हातांवर, ममता फोन कानाला लावून बसली होती आणि मान खाली घालून वाट बघत होती. कापला असता तर तिला पुन्हा तेच ऐकू आलं असतं.

मी उचलला. माझा आवाज तिला समोरून आणि फोनमधून, असा दोनदा आला असेल.

"मी चारुलता बोलतेय. लोटन पाटलांची मुलगी." नीलेशला ऐकू जावं म्हणून मी थोडं मोठ्याने बोलले. "त्या दिवशी तुम्ही फोन केला होता. दोनदा वाजला. दोन्ही वेळा मी कापला. मग मीच फोन बंद केला, व्हिडिओ मोडत होता म्हणून. आणि नीलेशला द्यायच्या आधी त्यातले तुमचे दोन्ही कॉल मी पुसले. तुम्ही खरं सांगत होता. मी तिथे बसून ऐकलं आणि गप्प राहिले."

ममताने फोन कानावरून काढला नाही.

"आता उचललाय," मी म्हणाले. "ते काय म्हणत होते, सांगा."