एकाच दिशेचा बाण

मी बाण बोलतोय. धनुष्याचा नव्हे, फळ्यावरचा. माझ्या डाव्या चौकटीत लिहिलंय 'यंत्र', उजव्या चौकटीत 'माणसं'. मधे मी एकटा, यंत्राकडून माणसांकडे जाणारा.

मला काढलं प्राध्यापक ओलिवेरांनी, उरुग्वेतल्या एका गावच्या दूध संघात. "यंत्र आलं की माणसं आपोआप बदलतात, आणि मग संस्था बदलते," ते म्हणाले. हा त्यांचा सिद्धांत. घाईत त्यांनी पक्क्या शाईचं भलतंच पेन उचललं, म्हणून मी आजवर पुसला गेलो नाही.

त्याच खोलीत नेलिदा बसायची. सकाळी शेतकरी तिला फोन करून दूध किती ते सांगायचे आणि ती टँकर धाडायची. एका हातात फोन, दुसऱ्या हातात 'येर्बा माते' या तिकडच्या पानांच्या चहाचा कढत पेला. आता यंत्र आलं होतं; हा आकडा शेतकऱ्यांनी स्वतःच मोबाइलवर भरायचा होता.

पण फोन काही थांबले नाहीत.

"नेलिदा, पोरी, माझं एवढं भरून टाक गं."

"अहो एउसेबिओकाका, बटण दाबलं तर बोट गळून पडणार नाही!"

"बोट राहील गं. पण बटण कुठे माझ्याशी बोलतंय?"

ती हसायची आणि सगळ्यांचे आकडे त्यांच्या नावानं भरून टाकायची. मला सांगावंसं वाटायचं, अगं, हे तुझ्याच अंगाशी येईल. पण फळ्यावरच्या बाणाचं कोण ऐकणार?

वर्षभरानं प्राध्यापक आले. संगणकाच्या पडद्यावर एकूण एक शेतकऱ्याची नोंद दिसत होती. "बघा, बदलली की नाही माणसं!" म्हणत त्यांनी माझ्यावर टिचकी मारली.

"मग नेलिदाचं काम काय उरलं?" संघाच्या व्यवस्थापकांनी विचारलं.

"साहेब, त्या नोंदी मीच भरते," नेलिदा म्हणाली.

"म्हणजे तूच त्यांना शिकू देत नाहीस," प्राध्यापक म्हणाले.

त्या महिन्यात तिची नोकरी गेली. जाताना तिनं फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्याच आठवड्यात पडदा ओस पडला. टँकर भलतीकडे फिरले, दूध नासलं. प्राध्यापक धावत आले, विचारात पडले आणि माझ्याखाली त्यांनी दुसरा बाण काढला, माणसांकडून यंत्राकडे जाणारा. सिद्धांत दुरुस्त झाला. नेलिदाला मात्र कुणी परत बोलावलं नाही.

आता या खोलीत कुणी बसत नाही. सकाळी फोन वाजतो. एउसेबिओकाका असावेत, कारण तो बराच वेळ वाजत राहतो. कुणीतरी उचला हो तो.