दादाची शॅडो

नीळकंठला पुण्यात त्याच्या कंपनीनं बक्षीस दिलं, तेव्हा त्यानं इंग्रजीत भाषण केलं. त्याचा व्हिडिओ कळंबला सदाशिवरावांच्या मोबाईलवर आला. दहावीपर्यंत शिकलेल्या सदाशिवरावांना त्यातलं एकच वाक्य नीट कळलं. धाकटा भाऊ म्हणत होता, आय ग्र्यू अप इन माय ब्रदर्स शॅडो.

"पाह्य व विमल," ते बायकोला म्हणाले, "हजार लोकांपुढं म्हणते पोट्टा, दादाच्या सावलीत वाढलो म्हणून!"

वडील गेले तेव्हा नीळकंठ सात वर्षांचा होता आणि सदाशिवराव एकवीसचे. त्यांनीच त्याला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. आजवर त्यानं तोंडानं कधी काही म्हटलं नव्हतं. आता म्हटलं, तेही इंग्रजीत! सदाशिवरावांचे पाय जमिनीवर ठरेनात. दोन दिवसांत चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर ते इंग्रजी वाक्य होतं, शेजारी हार घातलेला नीळकंठ आणि त्याच्या दुप्पट आकाराचे, फेटा बांधलेले सदाशिवराव.

शनिवारी यवतमाळहून त्यांची मुलगी निकिता घरी आली. ती इंग्रजीत एमए करत होती. बसमधून उतरतानाच तिला फ्लेक्स दिसला होता.

"बाबा, तो फ्लेक्स काढा," ती चप्पल काढता काढता म्हणाली.

"काहून? शॅडो म्हणजे सावलीच ना?"

निकिता थोडी घुटमळली. "आपल्यात दोन्हीले सावलीच म्हनतात, बाबा. इंग्रजीत झाडाखाली बसतो ती शेड. शॅडो म्हणजे पडछाया. कोणाच्या शॅडोत वाढलो म्हटलं, तर त्याच्यापुढं मी कोणाले दिसलोच नाही, असा अर्थ होते."

तांदूळ पाखडणाऱ्या विमलताईंच्या हातातलं सूप थांबलं. रात्री सदाशिवराव जेवण अर्धंच सोडून उठले, अंगणात गेले आणि भावाला फोन लावला.

"नीळू, तू शॅडो म्हटलं की शेड?"

नीळकंठ हळू म्हणाला, "फ्लेक्स पाह्यला मी, दादा. ग्रुपवर आला होता. म्हटलं, राहू दे."

"मंग तुले जे म्हणायचं होतं, तेच म्हटलं तू?"

"हो. पन रागानं नाही म्हटलं."

"मी काय कमी केलं रे तुले?"

"काहीच नाही. मले शेती करायची होती, तुले माहीत होतं. अकोल्याच्या कृषी कॉलेजचा फॉर्म मी भरला होता. तू परस्पर इंजिनिअरिंगले टाकलं."

"उन्हातून काढलं मी तुले! माह्या पाठीची सालटं निघाली, तुह्यी निघू नाही म्हणून..."

"मले इचारलं कुठी, दादा? लग्नाच्या वेळेस तरी इचारलं काय?"

सदाशिवरावांना आठवून पाहावं लागलं. पोराकडची मंडळी म्हणून तेच बैठकीत बसले होते. होकारही त्यांनीच दिला होता. नीळकंठ तेव्हा कुठं बसला होता, हेच त्यांना आठवेना.

"आता चांगलंच आहे सगळं," नीळकंठ म्हणाला. "तू जीवाले लावून घेऊ नको." आणि त्यानं विमलवहिनीच्या गुडघ्याची चौकशी करून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवरावांनी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला. "वाऱ्यानं फाटला," असं विचारणाऱ्यांना सांगितलं.

दिवाळीत नीळकंठ बायकोपोरांसह आला, दरवर्षीसारखा दोन दिवस. बोलणं हसूनखेळून झालं. निघायच्या सकाळी सदाशिवराव त्याच्या खोलीच्या दारात उभे राहिले. कापूस फुटला होता. बारा एकर वावर आहे, त्यातला तुला हवा तो एक तुकडा कर, हवं ते लाव, असं सांगायचं त्यांनी महिनाभर ठरवून ठेवलं होतं.

"नीळू, वावरात येतं काय जरासा?"

नीळकंठ बॅगेची चेन लावत होता. त्यानं वर पाहिलं, ओशाळल्यासारखं हसला.

"आता कुठं, दादा. माह्यं ऑफिस आहे उद्या. निघा लागते."

"हो हो," सदाशिवराव म्हणाले. "निघा, निघा. ऊन व्हायच्या आत निघा."