किमयाचं ओगराळं

मित्रांनो, मी एक जुनं ओगराळं आहे. लांब दांडा आणि खाली वाटीएवढा खोलगट पेला, हंड्यातलं पाणी हात न बुडवता काढण्यासाठी. तुमच्यापैकी काहींच्या घरी आता फिल्टर असेल, म्हणून आधीच ओळख करून दिली. जुना असलो तरी मला पाहून तसं कोणी म्हणणार नाही. एक पोचा सोडला तर माझ्या अंगावर खूण नाही. या गोष्टीचा मला पूर्वी फार अभिमान होता.

कारखान्यात पत्रा कापून मला घडवलं ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते रोह्याच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान. तिथे कढया आणि झाऱ्यांच्या गर्दीत मी दोरीला लटकत होतो. एके दिवशी निकेश नावाचा तरुण आला. त्याच्या बहिणीला, समीक्षाला, पहिली मुलगी झाली होती आणि बारसं पेणच्या खारेपाटात, तिच्या सासरी होतं. चांदीचे वाळे त्याने आधीच घेतले होते. पण बहिणीच्या गावचं पाणी त्याच्या डोक्यात होतं. तिथे खाडी अंगणापर्यंत येते आणि प्यायचं पाणी मात्र नळाला कधी येईल ते सांगता येत नाही. आलं की बायका हंडे, कळशा, ड्रम, सापडेल ते भरून ठेवतात. मग घरात येणारा-जाणारा त्यातच पेला बुचकळतो. निकेशने ते पाहिलं होतं.

दुकानदाराने यंत्र फिरवून माझ्या दांड्यावर अक्षरं कोरली, 'चि. किमया हिस मामाकडून'. मला गुदगुल्या झाल्या. नाव असलेलं भांडं म्हणजे काय थाट असतो, ते दुकानातल्या बाकीच्यांच्या तोंडाकडे पाहून कळलं.

बारशाच्या दिवशी पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि निकेशने मला बहिणीच्या हातात ठेवलं.

"ताई, हे हंड्याजवळ टांग. कोनाचा हात पान्यात जाऊ देऊ नको."

समीक्षाने माझ्या दांड्यावरून बोट फिरवलं. एकेक अक्षर चाचपलं. "रोज घासलं तर नाव जाईल रे," ती म्हणाली. तिने मला पुसलं आणि मांडणीच्या सगळ्यात वरच्या ओळीत नेऊन लावलं, माहेरच्या पितळी डब्यांच्या शेजारी.

यात तिचं काही वाईट मनात नव्हतं, मित्रांनो. आमच्याकडे तसंच करतात. माहेरून आलेलं, नाव घातलेलं भांडं वापरून खराब करायचं नसतं. ते मिरवायचं असतं. बायका यायच्या, मान वर करून बघायच्या, "मामानं दिलंय व्हय?" विचारायच्या. मी तिथे वर ऐटीत चमकत बसायचो.

माझ्या बरोबर खाली पाण्याचा हंडा होता. त्यामुळे त्या घरातले हात मला तोंडपाठ झाले. किमयाचा बाप हरेश नागोठण्याला कंपनीत जायचा. शिफ्ट संपवून आला की चपला काढायच्या आधी पेला हंड्यात घालायचा, चार बोटांसकट. शेजारच्या हौसाकाकी मिश्री लावलेलं बोट पदराला पुसायच्या की त्यांच्या मते हात स्वच्छ झाला. समीक्षा कोलंबी सोलता सोलता उठायची आणि पाणी घ्यायची. पाणी थोडं असलं की हात धुण्यावर ते घालवायचं जिवावर येतं. उरलेलं पाणी ओतून द्यायचं तर त्याहून. मग तळाला राहिलेल्या पाण्यावरच नवं पाणी पडायचं. पाणी ज्यांना मोजून मिळतं त्यांना हसू नका. पण बघताना माझा जीव वरखाली व्हायचा.

गावच्या आशाताई घरोघर फिरायच्या. शौचाहून आल्यावर आणि जेवायच्या आधी साबणाने हात धुवा, पाणी उकळा, हंडा झाका, ओगराळं वापरा, हे त्या न कंटाळता सांगत. समीक्षाने एकदा मोठ्या कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवलं. "हाय ना आमच्याकडं. ते बघा."

आशाताई हसल्या नाहीत. "वर टांगून काय उपयोग गो? खाली काढ."

तिने काढलं. त्या दिवशी मी हंड्याशेजारी खिळ्याला लटकलो. वाटलं, आता लागलो कामाला. पण किमया तोवर चालायला लागली होती. तिने मला ओढून काढलं, घरभर मिरवलं आणि उंबरठ्यावर असं काही बडवलं की माझ्या पेल्याला पोचा पडला. मला काही त्याचं वाईट वाटलं नाही. तोवर कोणी मला असं घट्ट धरलं नव्हतं. समीक्षा धावत आली, तिने पोच्यावरून हात फिरवला आणि मी परत वर गेलो.

"माजं हाय," किमया रडत म्हणाली.

"तुजंच हाय. मोठी झालीस की देते."

त्यानंतर ती रोज एकदा मांडणीखाली उभी राहून मला हात करायची. तहान लागली की मात्र ती मोठ्यांचं बघून शिकलेलंच करायची. चवड्यांवर उभी राहायची, अंगणातल्या मातीने भरलेला हात हंड्यात घालायची आणि पेला भरून घ्यायची. कोणी तिला कधी रागावलं नाही. घरात सगळेच तसं करत होते.

दर भाऊबीजेला निकेश यायचा. समीक्षा मला खाली काढून पदराने पुसायची. "बघ, अजून कसं नव्यासारखं ठेवलंय." तो माझ्याकडे बघायचा, मग हंड्याकडे बघायचा. सणाच्या दिवशी बहिणीला काय बोलणार? एकदा मात्र म्हणाला, "वापर गो, ताई. गेलं नाव तर दुसरं आनू." तिने हसून त्याला करंजी वाढली.

किमया बालवाडीत जाऊ लागली त्या वर्षी पावसात उधाणाचं पाणी गावात शिरलं. ओसरल्यावर नळाला आलेलं पाणी गढूळ होतं. आशाताई सांगून गेल्या, उकळल्याशिवाय पिऊ नका. समीक्षाने तुरटी फिरवली. पाणी निवळलं, तळ दिसायला लागला. स्वच्छ दिसतंय म्हणजे स्वच्छच, असं घरात सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किमयाला उलटी झाली. मग जुलाब सुरू झाले. ती "आई, पानी" म्हणायची. समीक्षाने दोनदा दिलं, दोन्ही वेळा ते बाहेर पडलं. हौसाकाकी येऊन बसल्या होत्या.

"पानी नको देऊ गो. पोटात ठरत नाय, अजून ढाळ लागतील."

त्यांनी आयुष्यभर हेच ऐकलं होतं. समीक्षाने पाणी बंद केलं. मित्रांनो, तेव्हाच तर पाणी द्यायचं असतं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून, चमच्या-चमच्याने, उलटी झाली तरी थोडं थांबून पुन्हा. आणि लगेच दवाखाना गाठायचा असतो. मला ते आशाताईंच्या तोंडून ऐकून ठाऊक होतं. पण ओगराळ्याला तोंड नसतं. किमया पाणी मागत राहिली. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले आणि मागायचीही थांबली. ती निजली, असं वाटून समीक्षाला जरा बरं वाटलं.

हरेश शिफ्टवरून आला आणि पोरीला बघून तसाच उलट्या पावली रिक्षा आणायला धावला. किमयाला चादरीत गुंडाळून दोघं पेणला गेली. जाताना दार उघडंच राहिलं.

दोघं परत आली, ती किमयाशिवाय नव्हे. तिला घेऊनच आली. पण अंगणातून समीक्षाचा जो हंबरडा ऐकू आला, त्यावरून मला समजलं. दवाखान्यात त्यांनी शर्थ केली होती, अंगातलं पाणी फार गेलं होतं, असं हरेश कोणाला तरी सांगत होता. सांगता सांगता तो अंगणातच खाली बसला.

घर माणसांनी भरलं. कोणाला पाणी द्यायचं, तर एकही पेला सापडेना. हौसाकाकींनी हात वर केला आणि मला ओढून काढलं. डोळ्यांतून धार लागलेली, त्यामुळे काय हाताला आलं ते त्यांनी पाहिलंही नसेल. मी हंड्यात बुडालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पाणी लागलं. याची मी किती वाट पाहिली होती, आणि आता मला ते नको होतं.

समीक्षाने वर पाहिलं. माझ्यावरून पाणी निथळत होतं. हौसाकाकींना कळलं आणि त्या मला परत ठेवायला वळल्या.

"ऱ्हाऊ द्या," समीक्षा म्हणाली. "खालीच ऱ्हाऊ द्या आता."

तेव्हापासून मी हंड्याजवळ आहे. समीक्षा रोज पाणी उकळते, झाकून गार करते. हंडा रोज रिकामा करून आतून घासते, उरलेलं पाणी झाडांना घालते. साबणाची वडी मोरीत आणि दारात, दोन्हीकडे असते. हरेश शिफ्टवरून आला की आधी हात धुतो. त्याला सांगावं लागत नाही. दोघंच माणसं आहेत, पाणी फारसं लागत नाही.

परवा हौसाकाकींची नात ऋतुजा खेळता खेळता आत आली. तहान लागली होती. तिने चवड्यांवर उभं राहून झाकण सरकवलं आणि हात आत घालणार, तोच समीक्षाने तिचं मनगट धरलं. इतकं जोरात की पोर घाबरून रडायलाच लागली. समीक्षाने तिला मोरीत नेलं. साबण लावून तिचं एकेक बोट, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या धुतल्या. मग मला हंड्यात घालून पेला भरून दिला. ऋतुजा पाणी प्यायली, पेला ठेवला, तरी तिचा दुसरा हात समीक्षाच्या हातातच होता.

"काकी, झालं ना. सोड गो."

समीक्षाने बऱ्याच वेळाने सोडला.

मित्रांनो, तुमच्या घरात मांडणीवर किंवा माळ्यावर माझ्यासारखं कोणी जपून ठेवलेलं असेल, तर त्याला आज खाली काढा. हात धुवायला लागतं तेवढं पाणी आमच्या खारेपाटातही निघतं, तुमच्याकडेही निघेल. साबण, उकळलेलं पाणी, झाकलेला हंडा, त्याच्याशेजारी ओगराळं. यात अवघड असं काहीच नाही. समीक्षाला हे सगळं आता येतं. तुम्ही उशीर व्हायच्या आधी शिका.