ओसरीतलं पाखरू

कळस गावातल्या त्या आळीत दिवेलागणीलाच अंधार व्हायला लागला होता. भिंतींवर तळहाताएवढी काळपट पाखरं येऊन बसायची, पंखांवर डोळ्यांसारखी खूण. त्यांच्या डंखानं माणूस मरतं असा व्हिडिओ मोबाइलवर फिरला आणि लोक दिवे मालवून, दारं लावून उकाड्यात बसू लागले.

स्वरूपाचं रांगतं पोर घामोळ्यांनी किरकिर करायचं. तिनं बारामतीच्या कॉलेजातल्या आपल्या बाईंना पाखराचा फोटो पाठवला. हा पतंग फळांचा रस पिऊन जगतो, चावत नाही, डंखही नाही, असं त्यांनी कळवलं. सासू ठमाबाईंनी ते हसण्यावारी नेलं.

एका संध्याकाळी चुलतसासरा रामहरी उसावरचं औषध पंपात भरून आला. आळीतल्या सगळ्या भिंती फवारायचं ठरलं होतं आणि सुरुवात ठमाबाईंच्या ओसरीपासून होती. तिथंच पाळणा टांगलेला. रामहरी पोरांच्याच काळजीनं आला होता, म्हणून त्याला अडवणं स्वरूपाला जड जात होतं. तरी ती पाळण्यापुढं उभी राहिली.

"तात्या, पोर भिंतीला हात लावतंय आन् त्योच तोंडात घालतंय. पाखरू न्हाय चावत. औषध मातर मारंल."

चावत नाही हे कशावरून, असं रामहरीनं विचारलं. अंगणात माणसं जमली होती.

स्वरूपा झुरळालाही भ्यायची. तिनं ओठ घट्ट मिटले आणि भिंतीवरच्या पाखराखाली हात धरला. पाखरू बोटांवर चढलं, मनगटावरून सरकत खांद्यावर गेलं आणि तिच्या मानेशी पंख पसरून बसलं. केसांच्या टोकांसारखे त्याचे पाय तिला जाणवत होते. बाकी काहीच झालं नाही. तिची भीती कधी गेली, तिलाही कळलं नाही.

ठमाबाई उठल्या. सुनेच्या मानेजवळ त्यांनी आपला हात नेला. पाखरू त्यांच्या बांगड्यांवर आलं, तशा त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

"भावजी, पंप रानात न्या. माझ्या नातवापाशी इख न्हाय यायचं."

त्यांनी स्वतः ओसरीचा दिवा लावला. मग समोरच्या घराचा लागला, शेजारचा लागला. बाजा अंगणात आल्या, वाऱ्यावर पोरं निवांत झोपली. रामहरी हातपाय धुऊन परत आला आणि पाखरू स्वतःच्या हातावर मागू लागला. ठमाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या सुनेचं धाडस सांगत होत्या.

तेवढ्यात पलीकडच्या आळीतल्या दोघीजणी आल्या. आमच्याकडंही लोक अंधारात बसलेत, उद्या येऊन हे दाखवशील का, असं त्यांनी स्वरूपाला विचारलं.

स्वरूपानं पदर खोचला. "उद्या कशाला? आत्ताच चला."