भुकेच्या महिन्याचा भव्य सोहळा

(छापील पत्रिकेप्रमाणे. घडलं ते मधेमधे घुसवलं आहे.)

सकाळी ८.३० : स्वागत
आटी हा आमच्या तुळुनाडूचा भुकेचा महिना. समुद्र खवळलेला, कणगी रिकामी. आमचे आजे टाकळा, आठळ्या आणि बांबूचे कोंब खाऊन जगले. त्या उपासमारीच्या स्मरणार्थ मंडळाने वातानुकूलित हॉलमध्ये बेचाळीस पदार्थ मांडले होते. बायका एकाच रंगाच्या उडुपी साड्यांत. पुरुषांच्या डोक्यावर पोफळीच्या विरीच्या, म्हणजे झावळीच्या बुडख्याच्या, टोप्या, आतून स्पंज लावलेल्या, कारण वारसा टोचतो. निवेदक मी, म्हणून माइक माझ्याकडे.

८.५० : सत्कार
त्या महिन्यात खरोखर उपाशी राहिलेली एकच व्यक्ती मंडळाला सापडली : अप्पीअक्का, वय एक्याऐंशी. शाल घातली. अध्यक्ष मोनप्पा हेगडे माइकवर म्हणाले, "अप्पीअक्का, तुम्ही आमचं वैभव आहात." मग माइक बाजूला करून, "अप्पी, कोपऱ्यात बस. हलू नकोस." चाळीस वर्षं तिनं त्यांच्याच घरचं भात कांडलं होतं. बसली.

९.०० : कषायपान
आटीच्या अमावस्येला अनशापोटी सातविणीच्या सालीचा कडू काढा प्यायचा. साल पहाटेच्या अंधारात दगडानं ठेचून काढायची, लोखंड लावायचं नाही. यंदा ती खुद्द हेगड्यांनी काढली. पुरावा मागच्या पडद्यावर : उघडेबंब हेगडे, हातात दगड, फ्लॅशमध्ये उजळलेलं खोड. टाळ्या. दोनशे पेले भरले गेले. माझ्या इशाऱ्यावर सगळ्यांनी एकदम प्यायचं होतं.

९.०७ : (पत्रिकेत नाही)
"मास्तर, दूध कुठाय?"
"कसलं दूध, अक्का?"
"त्या फोटोतल्या खोडाचं. सातवीण ठेचली की पांढरं दूध गळतं. तिथं थेंब नाही. अरे, तो काजरा आहे! माणूस झटके येऊन मरतो."

मी माइक बंद करून हेगड्यांकडे गेलो. "धनी, साल काजऱ्याची आहे म्हणते."
"तिचं भाषण कितीला?"
"साडेदहाला."
"मग साडेदहाला म्हणू दे."

तोवर अप्पीअक्का मंचावर आली होती. तिनं हेगड्यांचं मनगट धरलं. "आदल्या संध्याकाळी झाडाला दोरा बांधलात, धनी? तुमचे वडील बांधायचे."
"संध्याकाळी फोटोग्राफरला सवड नव्हती."
"मग अंधारात झाड कुणी ओळखलं?"
"त्यानंच. म्हणाला, या खोडावर उजेड छान पडतो."
हेगड्यांनी पडद्याकडे वळून पाहिलं.
"ओतून टाका," अक्का म्हणाली.
"दोनशे लोकांसमोर? हसतील सगळे."
"मेल्यावर कोण हसतंय?"

९.१२ : भूमितर्पण (आयत्या वेळी घातलेलं)
हेगडे माझ्या कानात कुजबुजले. निवेदकाला नाही म्हणायची सवय नसते. "रसिकहो, प्राचीन परंपरेनुसार आटीचा पहिला पेला भूमातेला!"

हॉलमध्ये भूमाता नव्हती, म्हणून सगळे पार्किंगमध्ये गेले. काहींचे डोळे पाणावले. आळ्वा वकील म्हणाले, "माझे आजोबा अस्संच ओतायचे." दाराशी अप्पीअक्का उभी. "पेला पालथा कर. दाखव. हं, जा."

तेवढ्यात तिनं मला हाक मारली. एक बाई उरलेला काढा पातेल्यातून पाण्याच्या बाटलीत भरत होती.
"भूमातेचा प्रसाद ना," ती म्हणाली. "सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. चमचाभर तोंडात घातला तर बरं."
अक्कानं तिच्या हातातली बाटली हिसकावली आणि माझ्याकडे पाहिलं. "सांग आता. तुझी भूमाता काय म्हणते?"

मी माइक चालू केला. हेगडे माझ्याकडे धावत येत होते, टोपी हातात धरून.
"रसिकहो, काढा विषारी आहे. अध्यक्षांनी काजऱ्याची साल आणली. परंपरा मी आत्ताच रचली."

पंधरा वर्षांत माझ्या वाक्यावर टाळी पडली नाही असं प्रथमच झालं.

"हे आधी सांगायचं नाही?" बाई किंचाळली. "एक बाटली मघाशीच गाडीत ठेवलीय!"

अप्पीअक्का पळाली. एक्याऐंशीची, शाल टाकून, सगळ्यांच्या पुढे. गाडी जागेवरच होती. ड्रायव्हर आत अळूचे पत्रोडे खात होता. बेचाळीस पदार्थांतला त्याचा अठरावा. शेजारच्या बाटलीचं बूच तेवढं त्यानं उघडायचं राहिलं होतं.