चारनंतरचा पाच

रविवारी सकाळी सहा वाजता इंडोनेशियातल्या केदिरी शहरात टोफूवाल्यांच्या गल्लीत बायकांची कवायत चालू असताना बू वार्सिनी, म्हणजे वार्सिनीबाई, माइकमध्ये ‘चार’ म्हणाल्या आणि पुढचा ‘पाच’ आलाच नाही. गल्लीभरच्या बायका डावा पाय उचलून तशाच उभ्या राहिल्या. बू वार्सिनींचे डोळे उघडे होते. फक्त आकडा सापडत नव्हता.

“पाच गं बाई, पाच!” सुती आजी ओरडल्या. “का अशीच टांगून ठेवतेस मला?”

मागच्या रांगेतून बू एंदाह पुढे आल्या. नवे बूट, ताजी लिपस्टिक. “बू, तुम्ही जरा बसा ना. आकडे मी म्हणते.”

बू वार्सिनींना हे झोंबलं. गल्लीत कवायत सुरू झाली ती त्यांच्याच आवाजावर. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या स्पर्धेत संघापुढे कोण उभं राहणार, हा प्रश्न आजवर कुणी विचारलाही नव्हता. आता विचारत होते. कारणही होतं. भर उन्हात त्या नवऱ्याचं स्कूटरवर घालायचं जाकीट गळ्यापर्यंत चेन ओढून घालत. आवाज इतका घोगरा झाला होता, की फोनवर लोक त्यांनाच नवरा समजून “काय गिमानभाऊ” म्हणत.

दुखणं कळलेलं होतं. दवाखान्यातल्या लाक्स्मिता डॉक्टरबाईंनी ते त्यांच्याच भाषेत समजावलं होतं. “गळ्यातली थायरॉइड ग्रंथी म्हणजे शरीराच्या कवायतीची पुढारीण. ती आकडे मोजते, तसे हृदय, आतडी, डोकं हलतात. तुमची पुढारीण पेंगते आहे. मेंदू वरून हाका मारून दमलाय.”

“मग दुसरी पुढारीण आणायची?” बू वार्सिनींनी संशयाने विचारलं होतं.

“नाही हो. तिचं काम रोजच्या गोळीने भागवायचं. सकाळी रिकाम्या पोटी.”

तेव्हापासून गोळी एक दिवस चुकली नव्हती. डॉक्टरबाईंनी दोनदा मात्रा वाढवली, तरी रक्ताचा अहवाल ढिम्म. सोमवारी गिमान बायकोला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले.

“रिकाम्या पोटीच घेता ना?”

“अगदी रिकाम्या.”

“उठल्यापासून काय काय करता, सगळं सांगा.”

“चूल पेटवते. सोयाबीनचं दूध उकळतं. पहिली पळी चाखते, गोळी घेते, मग दुधाचा टोफू लावते.”

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. “गोळी घेता कशाबरोबर?”

“त्या दुधाबरोबरच. तोंडात असतंच ना.”

“बू, मी रिकाम्या पोटी म्हटलं होतं!”

“चाखणं म्हणजे खाणं होतं का?” बू वार्सिनींना डॉक्टरबाईंच्या अज्ञानाचं नवल वाटलं. “रमजानमध्ये रोजा असला तरी स्वयंपाक करणारीला चाखायची मुभा असते. रोजा मोडत नाही, तर पोट कसं भरेल?”

“जिभेच्या टोकावर घेऊन थुंकायची मुभा असते. तुम्ही किती चाखता?”

बू वार्सिनी छताकडे बघू लागल्या. उत्तर गिमाननी दिलं. “मोठा मग. साखर घालून. कधी कधी दुसऱ्या पातेल्याचाही.”

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“सोयाबीन गोळी अंगी लागू देत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुम्ही पुढारणीला रोज बोलावता आणि दारातच अडवता. आता गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची. दूध निदान चार तासांनी. आणि वाढवलेली मात्रा पुन्हा खाली आणते, नाहीतर आता धावत सुटाल.”

“चार तास? तोवर टोफू बाजारात जातो! चाखायचं कुणी?”

दोघी गिमानकडे बघू लागल्या. गिमानना सोयाबीनच्या दुधाचा वासही सहन होत नसे. टोफूवाल्या बाईशी लग्न करताना त्यांनी ही गोष्ट लपवली होती, ती दवाखान्यात उघडी पडली.

दुसऱ्या दिवसापासून गिमान नाक दाबून चाखू लागले. गिऱ्हाइकांनी टोफू कडवट लागतो म्हणून सांगितलं. बू वार्सिनी घड्याळाकडे आणि पातेल्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या, पण मगाला हात लावला नाही.

रक्त पुन्हा तपासायचं सहा आठवड्यांनी. स्पर्धा त्याआधी.

“माझ्यावर राग नाही ना, बू?” एंदाहने विचारलं.

“राग यायलासुद्धा वेळ लागतो सध्या,” बू वार्सिनी म्हणाल्या. “आला की कळवते.”

सुती आजी मात्र त्यांना कोपऱ्यात घेऊन गेल्या. “तू बरी हो, पण फार घाई करू नकोस. तुझ्या या चालीवर माझे गुडघे पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर पोचतात. ती एंदाह मला मारून टाकेल.”

संघापुढे कोण, हे स्पर्धेआधीच्या बैठकीत ठरायचं होतं. म्हाताऱ्या एकीकडे, तरुण दुसरीकडे. ठरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या कवायतीत बू वार्सिनींनी आठपर्यंत मोजलं. सहा आणि सातच्या मध्ये सुती आजींनी घाम पुसून घेतला. जाकीट अंगात होतं, पण चेन उघडी होती.