नियमात बसणारं दुखणं

आमच्या ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. मध्यंतरी ह्यांच्या डाव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. चिमटा सुटायचा, स्क्रू हरवायचे, आणि राग निघायचा माझ्या केर काढण्यावर. शेवटी डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला.

"पॉलिसी आहे ना, मग काय!" मी म्हटलं. ती भाऊजींनीच आमच्या गळ्यात मारलेली. भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, विमा एजंट, कायम हसतमुख. एमआरआय म्हटल्यावर मात्र त्यांचं हसू मावळलं.

"वहिनी, नुसता स्कॅन नियमात बसत नाही हो. ॲडमिट व्हावं लागतं. आणि स्कॅनमध्ये काहीतरी निघावं लागतं. काहीच निघालं नाही तर कंपनी हात वर करते."

"म्हणजे माणूस धडधाकट निघाला तर भुर्दंड आपल्याला?"

भाऊजींनी सरळ हॉस्पिटलात खाट ठरवून टाकली.

झालं! चांगला चालताबोलता माणूस खाटेवर आडवा. अंगात पाठीमागे नाड्या असलेला झगा. स्कॅनला हे आपल्या पायांनी निघाले, तर वॉर्डबॉयने दटावून चाकाच्या खुर्चीत बसवलं.

आम्ही बाहेर बाकावर. भाऊजी हळूच म्हणाले, "गाठबीठ नको, वहिनी. एखादी शीर दबलेली, थोडीशी सूज. एवढं पुरे आपल्याला." दुकानात कापड निवडावं तसा हा माणूस भावाचा आजार निवडत होता. माझं डोकं फिरलं. तेवढ्यात हे बाहेर आले, ते तंत्रज्ञाला विचारतच, "दिसलं का हो काही?" तेही आशेने! दोघा भावांना एकेक ठेवून द्यावीशी वाटली.

संध्याकाळी डॉक्टर खोलीत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मेंदूत गाठ होती. ऑपरेशन लवकर करायला हवं, म्हणाले.

"बसलं, वहिनी! नियमात बसलं!" भाऊजी ओरडलेच.

मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं असावं. ते खाटेच्या कडेवर बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. ह्यांनीच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"डोळे पूस, धाकट्या. आधी कंपनीला फोन लाव. नियम बदलायच्या आत."